उभ्याने

दिवाळ्याच्या जेटीवरून सुटलो तेव्हा
पाम बीचच्या इमारतींत अजून दिवे होते.
घारापुरी उजव्या हाताला, न्हावा-शेव्याच्या क्रेन डावीकडे,
मग एक रात्र नुसतं इंजिन.
उजाडलं तर पाणी निळं.
बाबांनी हात बुडवून पाहिला,
रंग लागतो का म्हणून.

त्यांचा जन्म डोल जाळ्यावर गेला.
लावायचं, ओहोटीला उपसायचं.
जाळ्यात मासे येतात, नेहमी अनेकवचनी.
माझी काठी पाहून म्हणाले होते,
"येका माशासाठी येवरा थाट?"

कमरेला पट्टा, पट्ट्याच्या खोबणीत काठीचं बूड,
पाठीमागून ओढून घेतलेल्या वाद्या.
काठी आखूड, माझ्या खांद्याएवढी.
रीळ नेरुळच्या एका निवृत्त कॅप्टनकडून, हप्त्यांनी.
तुर्भ्याच्या शीतगृहात उणे अठरावर मी खोकी मोजते;
चार वर्षांचा बोनस ह्या रिळावर गुंडाळलेला आहे.

सात वीसला कुपा लागला.
रीळ ओरडलं नाही.
शिलाई मशीनसारखं एका लयीत
शिवत गेलं, शिवत गेलं,
समुद्र शिवून संपेना.

कॅप्टन सांगायचे, ओढायचं नाही, बसायचं.
नसलेल्या पाटावर बसायचं:
गुडघे मोडून, सगळं वजन मागे टाकून.
काठी वीतभर वर येते,
तेवढा दोरा गुंडाळायचा.
पुन्हा बसायचं.
उभ्याने बसायचं, हे कळायला
पहिला अर्धा तास गेला.

मग एक तास.
मीठ डोळ्यांत. मांड्या दुसऱ्याच कुणाच्या तरी.
तो खाली गोल फिरत होता, घाण्याच्या बैलासारखा,
की बैल मी होते?
बोटीकडे वळला की हातभर माझं,
पलीकडे वळला की ते त्याचं.

"बाबा, जरा धर," मी म्हटलं,
आणि म्हटल्या म्हटल्या लाज वाटली.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले,
वर्गात छडी खाल्लेल्या पोरासारखे.
लांब कुठेतरी बघत म्हणाले,
"तो कोनाला सांगतंय, जरा धर?"

मी बसले.

साडेनऊला खाली काहीतरी उजळलं.
आधी पितळी ताटाएवढं, मग पराताएवढं,
मग बाजू, पाठ, कोयत्यासारखे पिवळे पर,
आणि डोळा. कुठेच न बघणारा.
शेवटचा दोरा बाबांनी पंज्यावर दोन वेढे घेऊन धरला
(तेवढाच त्यांचा वाटा, नंतरही त्यांनी तेवढाच सांगितला)
आणि आकडी घातली.
बोट एका अंगाला कलली.
मी काठीसकट फळीवर बसले, ह्या वेळी खरीखुरी.

बर्फ आणायला मी उठले तर
ते त्याच्याजवळ उकिडवे बसलेले,
तळहात कपाळावर, म्हणजे माशाला जिथं कपाळ असतं तिथं.
साठ वर्षं गार मासे हाताळलेला हात.
"ताप आयलाय याला," ते म्हणाले.
मी हात लावला. खरंच.
अंगात ऊन घेऊन फिरणारा मासा.
लगेच थंड केला नाही तर
स्वतःच्याच उष्णतेनं आतून शिजतो, हे मला माहीत होतं.
मी बर्फ ओतला,
घाईने, आणि नको वाटत असताना.

जेटीवरचा काटा पन्नास किलोंवर थांबतो.
पोरं म्हणाली, दोन तुकडे करू, कळेल तरी.
बाबा म्हणाले, नाय.
तेव्हा किती भरला विचारतात त्यांना मी सांगते:
दोन तास दहा मिनिटं.

सोमवारी पुन्हा शीतगृह.
पट्ट्याचे वळ दोन्ही कमरांवर जांभळे.
खोकी मोजताना एकदा हातमोजा काढला,
मॅडम, बोटं जातील, कुणीतरी ओरडलं.
उजवा पंजा मी गालाला लावून पाहिला
आणि मोजणी चुकली.
पुन्हा एकपासून.