इशारा पातळी

सी ड्राइव्हची पट्टी परवा लाल झाली.
सांगलीत लाल पट्टीचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.
ऑगस्टात उठल्या उठल्या, देवाआधी,
पुलाखालचा आकडा विचारणारी माणसं आम्ही:
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका,
पन्नास म्हणजे गॅसची टाकी माळ्यावर.

इथं आकडा उलटा.
चारशे पासष्ट जीबीतले एकशे नव्वद एमबी उरलेत.
टॅली उघडेना. मार्च एंड.
मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात,
पट्टणशेट्टींचा तीनदा फोन,
"आरगेबाई, पट्ट्या झाल्या का?"
आणि मशीन म्हणतं, जागा नाही.

मग रात्री बसले निवडायला.
'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन',
'फायनल', 'फायनल खरं', 'फायनल आता शेवटचं'.
अशी नावं कोण देतं? मीच.
नणंदेच्या लेकीचं बारसं, एकच, चार ठिकाणी.
सुयोगचा गेम, अठ्ठावीस जीबी.
विचारलं तर पुण्याहून ओरडला,
"हात नको लावू आई, माझा सेव्ह आहे त्यात!"
चार वर्षं घरी मुक्काम नाही, आणि सेव्ह आहे.

गेमच्या खालोखाल एक फाइल निघाली.
सहा जीबी. नाव नाही, नुसती तारीख,
महापुराच्या सालची, आठ ऑगस्ट.
फोन बंद पडायच्या आधी कुणीतरी सगळं इथं ओतलेलं.

उघडली तर काळोख.
ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल चालूच राहिलेला.
सत्तेचाळीस मिनिटं नुसता खिसा.
कापड घासतंय. पाणी चिरत कुणी चाललंय, कमरेइतक्या पाण्यातून.
लांब कुठंतरी म्हैस.
कुणीतरी बुडालेल्या पायऱ्या पायानं मोजतंय.
आणि मग अगदी कानाशी
जिनगोंडा मगदुमांचा आवाज:
"वहिनी, सरका की. डबा डोक्यावर हाय.
टीव्ही ऱ्हाऊ दे, टीव्ही मिळंल दुसरा.
ह्यात पोराचं समदं हाय म्हणालता न्हवं?"

डबा म्हणजे हा.
आत्ता माझ्या पायाशी घरघरतोय तो.

मगदुमांचं नि आमचं तीन वर्षं बोलणं नाही.
गटारीवरून.
त्यांनी कट्टा दीड वीत पुढं घेतला,
मी कॉर्पोरेशनात अर्ज दिला,
मग त्यांची सून हळदीकुंकवाचं बोलावणं करत
आमचं दार तेवढं सोडून पुढं गेली.

ह्याच डब्यात, डेस्कटॉपवर,
'गटार पुरावा' नावाचं फोल्डर आहे माझं.
तीनशे बारा फोटो, नऊ व्हिडिओ.
कट्टा पूर्वेकडून. कट्टा पश्चिमेकडून.
टेप लावलेला कट्टा, टेपचं टोक धरणारा माझा अंगठा.
आमच्या दारात तुंबलेलं पाणी,
चार बोटं.
मी बोटं बुडवून मोजलेली, फोटोत दिसतात.

खिशातला काळोख पुन्हा एकदा लावला.
"सरका की."
तेव्हा मी सरकले असणार,
कारण पुढं जिना वाजतो,
आणि कुणीतरी धापा टाकत हसतं.
मीच असेन, किंवा ते.

दीड वाजता पुरावा सगळा निवडला आणि डिलीट दाबलं.
मशीननं विचारलं, नक्की?
हो म्हटलं.
पट्टी होती तशीच लाल.

सकाळी सुयोगला विचारलं. हसायला लागला.
"आई, टोपली रिकामी करावी लागते.
तोवर ते घरातच असतं."

पट्टणशेट्टींना संध्याकाळचा वायदा दिलाय.
समोर मगदूम कट्ट्यावर बसून दात घासतायत,
थुंकताना नेमके गटारीकडे वाकतात,
थोडे आमच्याच बाजूला.

टोपलीवर बाण नेऊन ठेवलाय.
चहा निवतोय.