संकोचाची पट्टी

झेरॉक्सच्या दुकानात तीन प्रिंटर मरून पडले होते.
मालक म्हणाले, भंगारात घाल.
घातले, पण आधी पोटं फाडून
मोटरी काढून घेतल्या, दातेरी पट्टे, चार सळया
आणि शाईनं माखलेली एक स्प्रिंग,
जी कशाची ते अजून कळलेलं नाही.

सांगाडा प्लायवूडचा.
खाली इस्त्रीची अभ्रकाची कॉइल,
वर फोटोफ्रेमची काच.
फोटोतल्या माणसांना सध्या पुठ्ठ्यावर ठेवलंय.

तोंड हवं होतं पितळेचं,
चार दशांश मिलिमीटर भोकाचं.
उद्यमनगरात शौकत शिकलगारांनी
चष्मा कपाळावर सारला:
"पोरी, एवढ्यातनं मुंगीबी वाकून जाईल.
वतणार काय हाईस?"
प्लास्टिक, म्हटलं.
लेथवर तीन ड्रिल मोडली, चौथं पार गेलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
मोडल्याले घेतलेत की, म्हणाले.

पहिल्या रात्री ठोकळा मागितला, शेवया आल्या.
दुसऱ्या रात्री थर सरकत सरकत
ठोकळ्याचा जिना झाला.
मग कोपरे काचेवरून उचलायला लागले,
भाकरीची कड सुटते तसे.
डिंक लावला, साबण लावला,
शेवटी गुळाचं पाणी. घरात गूळ असतोच.
ठोकळा चिकटला.
मुंग्याही आल्या.

चौदाव्या ठोकळ्यापासून आकडे भिंतीवर.
वीस हवेत. एकोणीस एकाहत्तर.
एकोणीस ऐंशी.
एकवीस (पट्टा ढिला).
एकोणीस शहात्तर.
आई विचारते, हे दूधवाल्याचं का?

उभ्या स्क्रूला पोक होता,
प्रत्येक भिंतीवर त्याची लाट उमटायची.
शिकलगारांनी तो सपाट प्लेटवर लोळवला, डोळे मिटून.
"हितं. बोट ठेव."
मला काहीच लागलं नाही.
त्यांनी लाकडी हातोडीनं एकदाच टकटकवलं,
लाट गेली.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
अशा एका सोमवारी आकाराम सुतार आले.
पॅटर्न करतात. करायचे.
सागवानी पॅटर्न आता गिरणीच्या बंबात जातात,
असं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, ते नाही.
ठोकळ्यावरून नख फिरवलं. "थर लागत्यात."
बारीक होतील, म्हटलं.
"हुतील."

मग खिशातून पोलादी पट्टी काढली.
माझ्या पट्टीशेजारी ठेवली:
तिचा फूट माझ्या फुटापेक्षा केसभर मोठा.
चुकीची आहे का?
"बीड निवताना आखडतं. म्हणून लाकूड थोरलं करायचं.
खोटी न्हाई ही. फुडचं बघून मोजती."

पुस्तकात याला आकुंचन म्हणतात.
मी भिंतीवर लिहिलं, संकोच.
तापलेलं काहीही जगात येताना
थोडं अंग चोरतं.
त्याला आधीच जागा जास्त द्यायची,
एवढंच.

त्यांची पट्टी बिडाची. प्लास्टिकचा संकोच निराळा.
परत द्यायला गेले तर घेईनात.
"माझं आखडायचं आता काय ऱ्हायलंय?"

हल्ली यंत्र स्वतःचेच सांधे छापतं.
प्लायवूडचा डावा कान काढला, छापलेला लावला.
वाकड्या यंत्रानं केलेला जरा सरळ कोपरा,
त्या कोपऱ्यावर उभं जरा कमी वाकडं यंत्र.
किती फेऱ्या लागतील, माहीत नाही.
शिकलगार म्हणतात, त्यांच्या लेथचा निम्मा भाग
त्याच लेथवर झालाय,
आणि अजून तो डावीकडं खातो.

काल दोनशे बाराव्या थराला लाइट गेली.
तोंड अर्ध्या सांध्यावर थांबलं, धागा लोंबत.
खाली कुणाचा तरी इन्व्हर्टर शिट्टी वाजवत होता.
काच निवत गेली.
अंधारात बसून राहिले.
मग टक्क.
सांध्यानं आपणहून काच सोडली.

मोबाइलच्या उजेडात मोजला:
अर्धाच, आणि दोन दशांशानं कमी.
भिंतीवर लिहिलं,
दुधाच्या हिशोबाखाली.