हितसंबंध असल्यास सांगावेत

गुरुवार, संध्याकाळचे सात. ऑस्वेस्ट्री,
नगर परिषदेची खोली नंबर दोन.
उत्साहात तेवढा रेडिएटर.
विषय क्रमांक चार: हेज लेनवरचं बोल्सचं मैदान
विकावं की कसं.
मी कोपऱ्यात. माझं काम ऐकण्याचं,
आणि ऐकलेलं कोरडं करून लिहिण्याचं.

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघतात: कुणाला इंटरेस्ट?
यांच्याकडे हा एकच शब्द, धोब्याच्या गाठोड्यासारखा,
साऱ्या गल्लीचे कपडे एका चादरीत.
माझ्या डोक्यात ती गाठ सुटते.

ब्रीज उठतात. मैदान घेणाऱ्या कंपनीत
त्यांच्या मेहुण्याचा वाटा आहे.
म्हणजे हितसंबंध.
लिहिलं: सदस्य ७.०४ला बाहेर गेले.
दाराच्या काचेतून दिसतात, कॉफीच्या मशीनशी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

वकील म्हणतो, क्लबचा जमिनीत इंटरेस्ट अकरा वर्षांचा.
म्हणजे हक्क, भाडेपट्ट्याचा,
झिजतोय, वर्षाला एक वर्ष.
खजिनदार म्हणतो, छपराच्या कर्जावरचा इंटरेस्ट.
हे व्याज. याला भाषांतर लागत नाही,
हे कुठल्याही गावात रात्रीसुद्धा जागं असतं.
बिल्डरची सल्लागार, निळा कोट, स्लाइड नऊ:
चाळीस घरं, पब्लिक इंटरेस्ट.
लोकहित, असं लिहिते
आणि कर्सर लुकलुकत राहतो.

मग जनतेसाठी राखलेली तीन मिनिटं.
एनिड प्रॉबर्ट, वय एकोणऐंशी, बुटांना ओलं गवत.
अध्यक्षबाई, नियमाप्रमाणे: या विषयात आपला इंटरेस्ट?
"छे हो. मी खेळतसुद्धा नाही.
मी फक्त गवत कापते. एकतीस वर्षं."

आणि मग सुटलीच.
उन्हाळ्यात पाच मिलिमीटर, थंडीत आठ.
सकाळचं दव आधी लांब काठीनं झटकायचं,
नाहीतर बुरशी धरते.
ईशान्येचा कोपरा आजारी, शेजारच्या झाडांची सावली,
त्या कोपऱ्याशी ती बोलते
(हे सांगताना हसली, कुणीच हसलं नाही म्हणून थांबली),
गेल्या मार्चात त्यानं पहिल्यांदा
घंटी.
तीन मिनिटं झाली.

याला काय म्हणू? रस?
पात्याच्या आत असतो, कापलं की वास येतो, तोच.
लिहिलं: एका नागरिकाने मत मांडले.

मतदान. सहा विरुद्ध दोन. मंजूर.

मला कुणी विचारलं नाही.
इतिवृत्त लिहिणाऱ्यासाठी तो रकाना नसतो.
असता तर भरला असता:
त्या मैदानाच्या बाकावर रोज साडेबाराला
मी पोळीची गुंडाळी खाते, चार वर्षं, फुकट.
आणि हेही,
की परवडणाऱ्या घरांच्या यादीत माझं नाव
दोनशे सोळावं आहे.

शाळेत एक शब्द होता, निर्व्याज.
बाई सांगायच्या, व्याज म्हणजे बहाणा, कपट;
ते नसलेलं ते निर्व्याज प्रेम.
आम्ही पेठेतली पोरं समजायचो, बिनव्याजी.
उसनं दिलं आणि विसरून गेले.
तेव्हा एक गुण कापला गेला. आज पुन्हा तपासायला देईन.
इंग्रजीत करून बघते अधूनमधून. होत नाही.

ब्रीज आत आले, हातात दोन कप.
एक एनिडपुढे ठेवला. बिनसाखरेची,
त्यांना ठाऊक होतं.
हा कुठला संबंध, कुठल्या रकान्यात?
तिनं कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

८.४१ला सभा संपली.
दिवे मालवताना दिसली, दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत
कार्पेटवर गवताची पाती, अजून हिरवी.
झाडू कपाटात होता.
कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती.