हिरवा कंचा

मागाची फळी. माग भंगारात गेला,
फळी तेवढी पराते काकांनी ठेवून घेतली.
काही भोकं आधीचीच, बाकीची गिरमिटानं पाडलेली,
एक तर पार कडेला, तिथं पोचला की कंचा डुगडुगायचा.

"हे पाह्य. लाल, निळा, दुधी.
हिरवा भिवंडीले गेला, त्याच्या जागी चिंचोका चालते.
ज्याले काहीच भेटलं नाही त्यानं बॉबिनची खुंटी घ्या.
सहा पडल्याबिगर निघाचं नाही.
दुसऱ्याच्या भोकात पोचला का तो मेला,
धाड त्याले घरी. दया नको दाखवू बे."

गोळीबार चौकातली मे महिन्याची दुपार,
कूलरच्या पाण्यात फासा पडायचा,
ओलं दान काका मोजत नसत.

घरात शिरायला नेमकाच आकडा लागायचा.
एक भोक उरलं आणि पाच पडले, तर बसा.
काका बसायचे. आम्ही सगळे हसायचो.

तिन्ही कंचे मारले त्यांनी, माझी खुंटीही,
कितीदा तरी, न बोलता.
चिंचोका समोर आला की मात्र म्हणायचे,
"चुकलो, मोजण्यात एक कमी आहे,"
आणि अलीकडच्या भोकात थांबायचे.