टॅटी नकाशावर झोपलाय

जानेवारी. डंडीत चारलाच दिवे लागतात.
नकाशा टेबलावर मावेना
म्हणून जमिनीवर पसरला,
आणि टॅटीने तत्काळ
त्याच्या वायव्येवर बसकण मारली.
आम्हाला जायचंय ती दरी, तिच्यातलं तळं,
तळ्याकडे उतरणारा एकुलता एक रस्ता,
सगळं आता त्याच्या पोटाखाली.
"राहू दे गं," एफी म्हणते,
"तिथे बर्फ असेल. तेवढीच ऊब."

मी फोनला बसते.
पहिला म्हणतो, कुत्री चालतात, पण लहान.
लहान म्हणजे? पिशवीत मावतील एवढी.
दुसऱ्याकडे चालतात, जुलै-ऑगस्ट सोडून.
तिसरीचा नन्नाचा पाडा:
गेल्या वर्षी कुणाच्या तरी लॅब्राडॉरने
कुणाची तरी सॉसेजं...
चौथी, अर्डव्हारची मिसेस मॅकफेल,
आधी खोकते, मग विचारते,
"मेंढ्या पाहिल्यात का त्याने?"
पाहिल्यात, मी म्हणते. घाबरतो तो त्यांना.
"मग या. माझ्या मेंढ्या
कुणाला काही करत नाहीत."

स्ट्रुअनची यादी त्याच्या अक्षरासारखी, तिरकी:
लांब पट्टा, जमिनीत पिळायची खुंटी,
गोचीड काढायचा आकडा,
चिलटांची जाळी (पाचही वर्षं विसरलो ती),
फक्त टॅटीसाठी जुने टॉवेल, तीन.
चार, एफी म्हणते. तो तळ्यात जाणारच.

यादीखाली पेन्सिलने आखलेली वाट.
ती कड्यावरून जायची,
जिथे तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून
नुसता डाग दिसतो.
लग्नाच्या वर्षी गेलो होतो तिथून,
टॅटी स्ट्रुअनच्या पाठपिशवीत,
फक्त नाक बाहेर, वाऱ्याला शिंकणारं.
आज स्ट्रुअन खोडरबर घेतो.
कडा जातो. मग खिंड जाते.
मग धबधब्यापर्यंतची चढण.
उरते तळ्याकाठची सपाट वाट,
तीही त्या मोडक्या होडीपर्यंतच.
रबराचा चुरा तो फुंकरीने उडवतो,
आणि कुणीच काही विचारत नाही.

डॉक्टर मन्रो मंगळवारी म्हणाली होती,
सुईकडे बघत, माझ्याकडे नाही,
"ऑगस्टचं एवढ्यात ठरवू नका."
गाडीत स्ट्रुअनला सांगितलं.
त्याने वायपर लावले.
पाऊस नव्हता.

म्हणून मे. पहिल्या सोमवारी सुट्टीच असते.
"मेमध्ये चिलटं नसतात," मी एफीला सांगते,
आणि हे तसं खोटं नाही.
रात्री पाणी गोठेल, हे सांगत नाही.
ती हं म्हणते आणि लिहीत राहते.
तिचीही एक यादी आहे, शाळेच्या वहीमागे,
ती जेवायला गेल्यावर मी वाचली:
गाडीत चढायला फळी.
गरम पाण्याची पिशवी (त्याची).
दुखलं तर बाबांनी उचलायचं.
पुढच्या वर्षी — आणि पुढे काही नाही.
खोडलेलंही नाही.
नुसती रेघ.

संध्याकाळी तंबू काढला, दांडे मोजायला.
एक कमी निघाला, तो झाडूच्या दांड्याने भागवला,
आणि दिवाणखान्यात, टीव्हीला तोंड करून,
जरा कलता का होईना, उभा राहिला.
कापडाला गेल्या वर्षीच्या शेवाळाचा वास.
टॅटीने कान टवकारले.
उठला, दोन प्रयत्नांत.
आत गेला, दाराशी सांडलेली वाळू हुंगली,
एक गोल फिरला, दुसरा,
तिसऱ्याला अर्ध्यातच पाय दुमडले.
आणि घोरायला लागला.
त्याची सुट्टी सुरूही झाली.

नकाशा आता मोकळा.
तळ्यावर केस. रस्त्यावर एक नवी घडी,
अजून कोमट.

मी अर्डव्हारला पुन्हा फोन लावते.
"कोकरं असतील मेमध्ये,
पट्टा सोडायचा नाही," मिसेस मॅकफेल बजावते.
"किती जण?"
चार, मी म्हणते.
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
"तो मेंढ्यांना घाबरणारा धरून?"
धरून.
"बरं," ती म्हणते, "भिंतीआडची जागा देते.
तिथे वारा लागत नाही."