गुडघा सरळ

दुपारचं जेवण आटोपून खानविलकर मास्तर
बाबाजीपुऱ्यातल्या घराच्या ओसरीत
निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले.
साडेपाचला नलूवहिनी चहा घेऊन आल्या
तेव्हाही तसेच टेकलेले.

मे महिना. कुलर नुसताच घरघरत होता.
मला बोलावलं, कारण सयाजी हॉस्पिटलच्या शवागारात
माझी एकतीस वर्षं गेली,
आणि त्याआधीची सात मास्तरांच्या मल्लखांबावर.

पापण्या, मग जबडा, मग मान.
खांबावरून पोर डोकं खाली करून उतरतं
तसं उतरत जातं ते अंगातून,
उन्हाळ्यात जरा घाईनं.
आठ वाजता गुडघे धरले.
चटईवर निजवलं तर पाय अधांतरी,
खुर्ची काढून घेतली तरी खुर्चीतच.

शेजारचे हसुभाई म्हणाले, रहेवा दो ने,
सवार सुधीमां ढीलुं थई जशे.
सकाळपर्यंत होत नाही. मला ठाऊक आहे.

लोकांना ताठ म्हणजे जोर वाटतो.
स्नायूला आखडायला लागतं ते
सोडायलाही लागतंच,
श्वासागणिक आत शिजणारं काहीतरी.
चूल विझली की धरलेलं धरलेलंच राहतं.
कंगाल झालेली मूठ उघडत नाही.

मी नऊ वर्षांचा. खांबावर उलटा.
एरंडेलाचा वास येणारा तळवा
सटकन पोटरीवर बसायचा: गुडघा सरळ!
घरी वळ दाखवायची सोय नव्हती,
वडीलही त्यांचेच चेले.

सगळ्यांना आत पाठवलं.
एक हात डाव्या गुडघ्यावर, एक टाचेखाली.
सैल सोड, श्वास सोड,
त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं,
तेही अरेतुरेत.
मग भार दिला.
आवाज झाला. कसा, ते सांगत नाही.
डावा पाय चटईला लागला.

उजवा राहिला.
राजकोटला खांबावरून पडल्यापासून
तो जिवंतपणीही पुरता सरळ होत नसे.
शेवटच्या दोन बोटांचं अंतर उरायचंच,
आणि त्या अंतरावर ते कधी बोलत नसत,
आम्हीही नाही.

उजवा मी दाबत आणला
दोन बोटांपर्यंत.
थांबलो.

नलूवहिनी दारात होत्या, कधीपासून कोण जाणे.
चादर ओढायच्या आधी वाकल्या
आणि त्या गुडघ्याखाली
रोजची छोटी उशी सरकवली.