दहावा

मोतीबागेच्या रेल्वे चाळीत शनिवारी चूल न पेटणारं
आमचं एकच घर. आडनाव थळकर.
बाबा मालगाडीचे गार्ड.
मला बारा पूर्ण झाली त्याच सकाळी
गोंदियाच्या तिकिटाला त्यांनी माझे पूर्ण पैसे भरले.
बुकिंगवाले खानसाहेब म्हणाले, "पोरगं एवढंसं, थळकर, कोण विचारतंय?"
बाबा म्हणाले, "मी विचारतोय."
हे आधी सांगून ठेवतो.

चव्वेचाळीस साल. मृग बहाराची संत्री यार्डात रचलेली.
सोनेगावच्या धावपट्टीवरून एक अमेरिकन सार्जंट
पत्ता विचारत आला, शुक्रवारी, दिवेलागणीला.
नाव मेंडेल. चौकटीवरची मेझुझा
त्याने चाचपली, बोटं ओठांना लावली,
आणि आईने न बोलता एक ताट वाढवलं.

आमच्याकडे दारू नाही. भिजवलेल्या काळ्या मनुकांचं पाणी,
त्यावरच किद्दुश.
एक घोट घेऊन तो हसायला लागला,
मग ते हसणं मध्येच तुटलं.
"माझा भाऊ लायब," म्हणाला, "याच पेल्यावर मोठा झाला."

तिकडे सरकारने दारू बंद केली
तेव्हा देवाच्या पेल्यापुरती सूट होती.
लायबने नसलेल्या देवळांची नावं लिहिली,
मेलेल्या रब्बींच्या सह्या गिरवल्या,
पिंपामागून पिंप पवित्र करून विकलं.
मग संत्र्यांच्या पेट्यांखालून व्हिस्की.
मग पेट्याही गेल्या. नुसती नावं यायची चिठ्ठीवर,
आणि त्याच्या खिशात बर्फ फोडायचा टोचा.
शुक्रवारी मात्र घरी. आईपुढे नोटा.
ती मोजायची नाही.
मेणबत्त्या लावून डोळे झाकायची,
जरा जास्तच वेळ.

संत्र्यांच्या पेट्या रोज बाबांच्याच गाडीने जायच्या.
त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.
"किती माणसं?"
"सिद्ध झाली ती नऊ."
"आता कुठे असतो?"
"विजेच्या खुर्चीत बसवला. आज तीन वर्षं झाली."

कद्दीश म्हणायचा होता त्याला. दहा पुरुष लागतात.
इतकी वर्षं कुणी म्हणू दिला नव्हता.
बाबा उठले. शब्बाथ लागलेला,
म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कंदिलाशिवाय
रुळांकडेने अंधारात गेले.

आले ते माणसं घेऊन.
पोस्टातले दोघे अष्टमकर, कंपाउंडर रोहेकर, त्यांचे सासरे,
काठी टेकत पेन्शनर हवालदार पेणकर,
सदरमधला जर्मन दाताचा डॉक्टर, हिटलरपासून पळालेला,
आणि त्याच्याकडे दाढेसाठी मुक्कामाला आलेला
कामठीचा बगदादी कंत्राटदार, गालाला रुमाल बांधून.
मोजले. पुन्हा मोजले.
ओट्यावर बाबा म्हणत होते, "दहावा पाहिजे. दहावा."

शेजारचा फायरमन डोमाजी बाजेवर उठून बसला.
"दहावा? कोन मेलं बा तुमच्यात?
अन् हा गोरा काऊन रडून राह्यला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मला तेरा पूर्ण व्हायला सव्वीस दिवस होते.
रोहेकरांनी विचारलं, "पोराचं वय?"
खोबरेल तेलाचा दिवा तडतडला.
बाबा म्हणाले, "तेरा."

त्या प्रार्थनेत मेलेल्याचं नाव येत नाही.
त्याने काय केलं, तेही येत नाही.
मी आमेन इतक्या जोरात म्हटलं
की डोमाजीची कोंबडी फडफडली.
मेंडेल जाताना मला चॉकलेट देऊ लागला.
बाबांनी त्याचा हात तसाच मिटला.

त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.
पुढच्याच आठवड्यात एका पार्सल क्लार्कला
दोन डझन संत्र्यांवरून त्यांनी लेखी कळवलं.

आता मोतीबागेत आमचं कुणी नाही.
परवा अजनीच्या खिडकीवर
फॉर्म भरताना मुलीने वय विचारलं.
मागे रांग होती. मी थांबलो.
ते सव्वीस दिवस
कुठल्या बाजूला धरायचे, ते ठरेना.